काळी देते, पांढरी खाते

हिवाळ्यात मेथीची जुडी धुतली की आमच्या सिंकच्या तळाशी काळा गाळ बसतो. चमचाभर, फार तर दीड चमचा. छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी मंडईतून आलेली मेथी, मुळांसकट. उपटताना झटकलेली असते, तरी मुळांच्या बारीक तंतूंत अडकून थोडी माती शहरापर्यंत येतेच. एकदा तो गाळ मी बोटावर घेऊन पाहिला. चिकट, साबणासारखा गुळगुळीत, दोन बोटांत चोळला की नखात जाऊन बसणारा. मग नळ सोडला आणि तो ड्रेनेजमध्ये गेला.

शहरात येते ती माती एवढीच, असं आपल्याला वाटतं. पण ही डोळ्यांना दिसणारी माती सगळ्यात कमी. न दिसणारी माती रोज ट्रकने येते, ज्वारी, तूर, सोयाबीन, मोसंबी अशी नावं घेऊन. तिचा हिशेब कुणी मांडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे आपलं ९५ टक्के अन्न थेट किंवा आडवळणाने मातीतूनच येतं, आणि २०२५ च्या ५ डिसेंबरला, म्हणजे जागतिक मृदा दिनाला, विषयच ठेवला होता 'निरोगी शहरांसाठी निरोगी माती'. अशा घोषणा ऐकायला बऱ्या असतात. मराठवाड्यात या घोषणेचा अर्थ काय होतो, ते जरा उकलून पाहू.

आपल्याकडे गावाची जमीन दोन शब्दांत सांगायची जुनी रीत आहे. काळी म्हणजे शिवारातली पिकाऊ जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. पांढरी का? तर चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, चुना, शेण असं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी साचून गावाखालची माती फिकट, राखाडी होते. काळीने पिकवायचं, पांढरीने खायचं. पण हा व्यवहार एकतर्फी नव्हता. घरोघरचा उकिरडा उन्हाळ्यात उपसून गाड्यांनी शेतात जायचा. पडलेल्या वाड्याची, ढासळलेल्या गढीची पांढरी माती लोक खत म्हणून रानात नेऊन टाकायचे. मोठ्या गावांच्या कडेला सोनखत विकलं जायचं. ते कशाचं असतं, हे 'सोन' या शब्दाआड आपण व्यवस्थित झाकून ठेवलं आहे. थोडक्यात, पांढरीने खाल्लेलं फिरून काळीकडे जायचं.

आता परभणीच्या काळीची पांढरी पुण्यात आहे, मुंबईत आहे, हैदराबादेत आहे. उकिरड्याची गाडी तिथून परत कशी यायची?

टँकरने मोजायची जमीन

मराठवाड्याची काळी ज्या दगडापासून झाली, तो बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांची झीज होत होत ही माती तयार झाली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण भरपूर, आणि ती चिकणमाती साधीसुधी नाही. पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. म्हणून मे महिन्यात भारी रानात हात जाईल अशा भेगा पडतात. वरची भुरभुरीत माती त्या भेगांत पडते, पाऊस आला की जमीन फुगून भेग मिटते, आणि वरचं खाली जातं. ही माती वर्षानुवर्षं स्वतःच स्वतःला उलथत असते.

शहराच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे पाणी धरून ठेवणं. हिशेब सोपा आहे. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. मीटरभर खोलीची चांगली काळी जमीन पिकाला उपसता येईल असं निदान १५० मिलिमीटर पाणी पोटात ठेवते. म्हणजे एकरी ६ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ६० टँकर, एका एकराच्या पोटात, ना धरण, ना पाइपलाइन, ना वीजबिल.

आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर २०१६ चा एप्रिल आठवा. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलं, आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला १० वॅगन, सुमारे ५ लाख लिटर. देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे स्टेशनवर उभे होते. एका एकराची धड जमीन त्या गाडीपेक्षा जास्त पाणी गुपचूप सांभाळते. ते पिण्याचं पाणी नाही, हे खरं. पण खाण्याचं आहे. सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलेली रब्बीची ज्वारी पुढे पावसाचा एक थेंब न मिळता, केवळ या साठ्यावर फेब्रुवारीपर्यंत जाते. डिसेंबर-जानेवारीत शहरातली माणसं गाड्या काढून ज्या हुरड्याला जातात, तो हुरडा म्हणजे मागच्या पावसाळ्याचं जमिनीत मुरलेलं पाणी. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' हे जुनी माणसं म्हणतात ते याचसाठी: कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं हलकं औत, फिरवलं की भेगा बुजतात आणि आतली ओल आत राहते.

आता गोम अशी की हा साठा आपोआप भरत नाही. काळी जमीन एकदा भिजून भेगा मिटल्या की पाणी आत घ्यायला फार आळशी. मराठवाड्यात पावसाळ्यातली सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो पडतो कसा? वीस-बावीस दिवस कोरडे, मग एका रात्रीत शंभर मिलिमीटर. जमीन जिवंत असेल, तिच्यात मुळांच्या आणि गांडुळांच्या वाटा असतील, तर ते पाणी आत शिरतं. नसेल तर वरच्या वर वाहतं आणि जाताना साय घेऊन जातं. जमिनीची साय म्हणजे वरचा वीतभर थर. तो तयार व्हायला किती वेळ लागतो म्हणाल, तर दोन-तीन सेंटिमीटरला हजार वर्षांपर्यंत.

काळी दिसते म्हणून कसदार?

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे, कारण तो शहरात आहे तसाच गावातही आहे. काळी माती म्हणजे कसदार माती, असं आपण धरून चालतो. मातीचा काळेपणा आणि तिच्यातला सेंद्रिय कर्ब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा काळेपणा बराचसा तिच्यातल्या खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय अंशाचा. कर्ब घटला तरी रंग फारसा उतरत नाही. चेहरा टवटवीत आणि अंगात रक्त नाही, अशी गत.

सेंद्रिय कर्ब म्हणजे काय? पालापाचोळा, मुळं, शेण, मेलेले किडे-जिवाणू हे सगळं कुजून मातीत राहिलेलं जे काही, त्यातला कार्बन. जमिनीच्या आरोग्य पत्रिकेवर त्याची एक ओळ असते. सर्वसाधारण निकष असा की अर्ध्या टक्क्याखाली गेला की कमी, पाऊण टक्क्यावर गेला की चांगला. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या हातातल्या कितीतरी पत्रिकांवर 'कमी' असंच छापून आलेलं दिसतं. (पत्रिकेबद्दल एक बारीक गोष्ट: २०१५ साली योजना सुरू झाली तेव्हा कोरडवाहू भागात १० हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना, असा हिशेब होता. म्हणजे तुमच्या नावाच्या पत्रिकेवरची माती शेजाऱ्याच्या रानातली असू शकते. स्वतःचा नमुना स्वतः काढून प्रयोगशाळेत दिलेला बरा.)

अर्धा टक्का ऐकायला क्षुल्लक. पण एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटरचं वजन आठ-नऊशे टन भरतं. त्यात ०.४ टक्के म्हणजे साडेतीन टनांच्या आत-बाहेर कर्ब. एवढ्यावर त्या एकरातले सगळे जिवाणू, बुरशी, गांडुळं यांची चूल पेटते. वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर जो वास येतो, तोही मातीतल्या एका जातीच्या जिवाणूंचाच. कर्ब हे त्यांचं अन्न, आणि मातीचे कण एकमेकांना चिकटवून ठेवणारा डिंकही तोच.

हा डिंक दिसतो. मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा काचेचे दोन पेले घेतले, पाण्याने भरले. एकात बांधावरचं, कुंद्याच्या मुळांनी विणलेलं वाळकं ढेकूळ सोडलं. दुसऱ्यात त्याच बांधापासून दहा पावलांवर, दरवर्षी नांगरट होणाऱ्या रानातलं. दुसरं ढेकूळ मिनिटभरात भाजलेल्या पापडासारखं चुरून खाली बसलं. पहिल्यातून बुडबुडे निघत राहिले, पण चहा पिऊन येईपर्यंत ते आपल्या आकारात उभं होतं. माती एकच, शेतकरी एकच, पाऊस एकच. फरक इतकाच की बांधाला कुणी नांगरलं नव्हतं आणि त्याचं गवत त्याच्याच अंगावर कुजलं होतं. आणखी एक गोष्ट या पेल्यात कळते. पाणी तासाभरानेही गढूळ राहिलं, खाली निवळलंच नाही, तर जमीन चोपण होऊ लागली असावी, म्हणजे तिच्यात सोडियम वाढतंय. कालव्याच्या लाभक्षेत्रात, पाण्याचा निचरा न झालेल्या भारी जमिनींत, हे दुखणं नवीन नाही.

मग कर्ब गेला कुठे? थोडा उन्हाने खाल्ला. ४२-४३ अंशांत उघड्या, नांगरून टाकलेल्या जमिनीत तो झपाट्याने जळतो. बाकीचा आपण खाल्ला. देवणी आणि लाल कंधारी या आपल्याच भागातल्या गायी-बैलांच्या जाती, पण दावणीला बैल उरले किती? बैल गेला, शेण गेलं, उकिरडा गेला. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, सरपणाला किंवा रानातच पेटवायला, सोयाबीनचं भुसकट पेटवायला नाहीतर विकायला, कडबा बाजाराला. रानात परत जायला काही शिल्लकच राहत नाही. धनगराच्या मेंढ्या रात्रभर रानात बसवायची पद्धत होती, ती अजून काही ठिकाणी आहे, पण मेंढपाळांच्या वाटाच आता प्लॉटिंगने अडल्या आहेत.

यात शेतकऱ्याला शहाणपण शिकवणारे पुष्कळ भेटतात, म्हणून त्याचा हिशेबही मांडतो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र (नायट्रोजन), किंमत २६६ रुपये ५० पैसे. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी चार टन शेणखत. त्याला काही हजार रुपये, वर ट्रॅक्टरचं भाडं, वर पसरायची मजुरी. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली घुटमळत असताना कोणता माणूस शेणखताची ट्रॉली घेईल? युरिया पिकाला जेवायला घालतो, जमिनीला नाही. पण उधारीचा तगादा दारात उभा असतो तेव्हा माणूस आधी पीक बघतो.

पोत्यातून जाते ती माती

आता त्या न दिसणाऱ्या मातीकडे येऊ. एका क्विंटल ज्वारीत साधारण १० किलो प्रथिनं असतात. प्रथिनांत सहावा हिस्सा नत्राचा, म्हणजे क्विंटलमागे १.६ किलो. दहा टनांचा एक ट्रक भरून ज्वारी पुण्याला निघाली की तिच्यासोबत १६० किलो नत्र निघालं. युरियाच्या जवळपास आठ गोण्या. त्याखेरीज स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), जस्त, लोह. लातूरच्या बाजारातून किंवा तिथल्या डाळमिलमधून निघणाऱ्या तुरीचा हिशेब वेगळा पडतो. तुरीत प्रथिनं दुप्पट, पण तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून तिला देतात. (सोयाबीन फुलोऱ्यात असताना एक झाड अलगद उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर बसून खाते आहे.) पण हवेत स्फुरद नाही, जस्त नाही. ते मातीतूनच जातं, आणि गेलं की गेलं.

जस्ताची गोष्ट शहरातल्या माणसाच्या थेट ताटातली आहे. आपल्या जमिनींचा सामू (पीएच) साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीचे पांढरे खडे. अशा मातीत जस्त आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. तिजोरी आहे, किल्ली नाही. जुलैमध्ये सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याला गावात 'केवडा पडला' म्हणतात. तो केवडा पानावर दिसतो. दाण्यात जस्त कमी उतरलं तर ते दिसत नाही, भाकरी तशीच गोड लागते, आणि पोराची वाढ खुंटते किंवा त्याला सारखं आजारपण येतं तेव्हा मातीचा संशय कुणाला येणार? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने जास्त लोह आणि जस्त असलेला ज्वारीचा 'परभणी शक्ती' हा वाण २०१८ मध्ये आणला. काम चांगलंच आहे. पण मुळाला जस्त मिळालं तर ते दाण्यात येईल. आणि त्या तिजोरीची किल्ली काही प्रमाणात पुन्हा सेंद्रिय कर्बाकडेच आहे: कुजणाऱ्या पदार्थातली आम्लं जस्ताला धरून मुळांपर्यंत नेतात.

शहराचा मातीशी दुसरा संबंध नळातून येतो. संभाजीनगर जायकवाडीचं पाणी पितं. वरच्या शिवारातून वाहून आलेली साय शेवटी धरणांच्या आणि तलावांच्या तळाशी जाऊन बसते. म्हणजे एकाच पावसात शेताचं खत जातं आणि शहराच्या पाण्याची जागाही जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा, मांजरा, तेरणा, गोदावरी या नद्या एकदम उठल्या तेव्हा पीक बुडालं ही बातमी झाली. त्याहून वाईट गोष्ट होती 'जमीन खरडून गेली' ही. बुडालेलं पीक पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. जिथे पूर येऊन गेल्यावर खाली नुसता मुरूम उघडा पडला, तिथे पेरायचं कशात? त्या वेळच्या सरकारी मदतीत खरडलेल्या जमिनीसाठी वेगळी तरतूद करावी लागली, ती त्यामुळेच. चांगल्या कर्बाच्या जमिनीने महापूर थांबला असता, असं मी म्हणणार नाही. नदीकाठची माती नदी नेतेच. पण माळावरच्या, उताराच्या हजारो रानांतून पाणी किती वेगाने ओढ्याला आलं, हे ठरवणं मात्र जमिनीच्या हातात असतं.

आणि तिसरा संबंध म्हणजे शहर स्वतःच मातीवर चढून बसतं. कुठल्याही जिल्ह्याच्या गावाभोवती फिरा, एनए (बिगरशेती) प्लॉटच्या पाट्या लागतात त्या बहुधा चांगल्या जमिनीतच. रस्त्याकडेची, पाण्याची, सपाट. शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी सुमारे १० हजार एकरांची. उद्योग नकोत असं नाही. पोरांना कामं हवीत. पण कोणती जमीन कारखान्याला द्यायची आणि कोणती ज्वारीला राखायची, हे ठरवताना नकाशावर मातीची खोली कुणी मोजली, असं ऐकिवात नाही. मुरमाड माळ आणि दहा फूट काळी, दोन्हींचा सातबारा दिसायला सारखाच.

परतीची गाडी

परत काय जातं? एक गोष्ट जाते, गाळ. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या नावाने तलावातला गाळ शेतकऱ्यांनी वाहून न्यायचा, अशी योजना राज्यात आहे. उन्हाळ्यात तलावात जेसीबी आणि ट्रॅक्टरची रांग लागते. हलक्या, बरड रानावर चार बोटं गाळ पडला की त्याचं रूप पालटतं. फक्त आधी तपासून घ्यायचा. नुसती चिकणमाती भारी रानावर टाकली तर निचऱ्याचं दुखणं वाढतं.

शहराचा ओला कचरा मात्र परत जात नाही, आणि हा खरा तुटलेला दुवा आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत, शहराचा कचरा जिथे टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि संभाजीनगरच्या रस्त्यांवर आठवडेच्या आठवडे ढीग पडून होते. नाक दाबून आपण सगळे त्या ढिगांशेजारून गेलो. त्यात काय होतं? मोसंबीची सालं, मेथीच्या काड्या, शिळ्या भाकऱ्या, उसाची चिपाडं. जालन्याची, पैठणची, गंगापूरची काळी, दुसऱ्या रूपात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये शहरी कंपोस्टला टनामागे दीड हजार रुपये साहाय्य जाहीर केलं होतं. पण खत घेणाऱ्या शेतकऱ्याची अडचण पैशांची कमी, प्लास्टिकची जास्त आहे. काच, सुया, सेल, पिशव्यांचे तुकडे असलेलं खत तो रानात का टाकेल? प्लास्टिक एकदा काळीत गेलं की भेगांतून खाली, आणि मग ते कुणाच्या बापाला निघत नाही.

म्हणून मी तीन वर्षांपासून गच्चीवर एक निळा ड्रम ठेवला आहे. भाजीचे देठ, चहाचा चोथा, वाळलेली पानं, वर थोडी माती. मे महिन्यात त्यातून एक पोतं खत निघतं. तात्या, म्हणजे माझे चुलते, परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून दरवर्षी ज्वारीचं पोतं घेऊन येतात. मागच्या खेपेला मी त्यांना रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही असं ठरवून खताचं पोतं गाडीजवळ आणून ठेवलं. त्यांनी तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात घातला, मूठभर काढून हुंगलं. "लई भुसभुशीत हाय की रे," म्हणाले. मला बरं वाटलं. मग त्यांनी मूठ उघडून बोटाने चाळली आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा वर काढला, सकाळी चहा करताना आपण कात्रीने उडवतो तो, नखाएवढा.

"ह्यो माझ्या रानात नको," म्हणाले, आणि तो माझ्या तळहातावर ठेवला. मग पोत्याचं तोंड बांधून पोतं डिकीत टाकलं.